मिठाचा राखणदार

मानखुर्दच्या आसपास ठाण्याच्या खाडीचें पाणी भरतीच्या वेळीं जेथपर्यंत चढून येई, तेथें पिढ्यान्‌पिढ्या मिठागरें होतीं. मानखुर्द, मंडाले, तुर्भे, आणि उत्तरेस घाटकोपर, भांडुप, मुलुंड, असा हा खाजणाचा लांबलचक पट्टा. मिठागराचें काम पाहण्यास साधें, पण करण्यास कठीण. उधाणाचें पाणी बांधांतील उघाडीनें आंत घ्यावयाचें, मोठ्या खाचरांत उन्हानें आटवावयाचें, दाट झालें कीं लहान वाफ्यांत सोडावयाचें, आणि तळाशीं दाणा धरला कीं लांकडी फळीनें ओढून बांधावर त्याची रास घालावयाची. पाणी केव्हां घ्यावें, केव्हां अडवावें आणि किती सोडावें, हें ज्याला कळतें तोच खरा आगरी. आगरी हें नांवच मुळीं आगरावरून पडलें आहे.

इ. स. १९३० सालीं वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या टोळ्यांमागून टोळ्या चालून गेल्या. तें वडाळा येथून फार दूर नाहीं. गरिबाच्या भाकरीवरील चिमूटभर मिठावर सरकारनें कर घ्यावा, हें त्या पिढीला असह्य झालें होतें. इ. स. १९४७ सालीं तो कर एकदांचा उठला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, मनुष्याच्या अंगांत शिरलेलें मीठ कोण अडवून धरतो या जुन्या प्रश्नाचें उत्तर स्फटिकाच्या रूपानें एका लहानशा कांचनळींत हातीं लागलें. त्या उत्तराचें नांव अल्डोस्टेरोन. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्या इतिहासांत या पदार्थानें जें स्थान मिळविलें आहे तें एका रात्रींत मिळालेलें नाहीं. किंबहुना तें मिळत असतांना मध्यें जवळजवळ तीस वर्षें वैद्यकानें त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

शरीरांतील मिठाचा कारभार मिठागराच्या कारभाराहून फारसा निराळा नाहीं. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळून काढतात. त्या द्रवांत जवळजवळ दीड किलोग्राम मीठ असतें. मनुष्य दिवसाला खातो दहा ग्रामांच्या आंतबाहेर मीठ, आणि गाळलें जातें तें दीड किलो! अर्थात्‌ त्यांतील जवळजवळ सर्व मीठ परत रक्तांत ओढून घ्यावें लागतें. यांतील बहुतेक काम मूत्रपिंड कोणाच्या हुकमाची वाट न पाहतां करतें. परंतु अगदीं शेवटच्या टप्प्यावर, शेंकडा दोन ते पांच भाग उरला असतां, एक उघाडी येते. ती किती उघडावी व किती मिटावी, हें ठरविणारा राखणदार म्हणजे अल्डोस्टेरोन. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली जी अधिवृक्क ग्रंथि, तिच्या बाहेरच्या सालींत हा पदार्थ तयार होतो. तो मीठ राखतो, मिठाबरोबर पाणी राहतें, पाण्यानें रक्ताचें आकारमान वाढतें, आणि मोबदला म्हणून पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर जातें.

या ग्रंथीवांचून मनुष्य जगत नाहीं, ही गोष्ट लंडनच्या टॉमस अॅडिसन यानें इ. स. १८५५ सालीं जगापुढें मांडली. ज्यांच्या ग्रंथि क्षयानें किंवा दुसऱ्या एखाद्या रोगानें नासल्या, ते रोगी काळवंडत, क्षीण होत आणि मरत. परंतु ते नेमके कशानें मरतात, हें कळण्यास आणखी पाऊण शतक लागलें. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लोब यानें १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखविलें, कीं या रोग्यांच्या रक्तांतील सोडियम झिरपून जात असतें, आणि त्यांना भरपूर मीठ चारलें तर ते कांहीं काळ तग धरतात. इकडे मिठासाठीं तुरुंग भरत होते आणि तिकडे मिठानें रोगी उठून बसत होते, असा हा काळ.

मीठ अधिक झालें तर काय होतें, ही बाजूहि अगदींच अंधारांत नव्हती. पॅरिसच्या आंबार व बोझार या दोघांनीं इ. स. १९०४ सालींच मीठ व रक्तदाब यांचा संबंध सुचविला होता. पुढें अमेरिकेंत वॉल्टर केंप्नर यानें तीव्र रक्तदाबाच्या रोग्यांना नुसता भात व फळें यांवर ठेवलें आणि इ. स. १९४४ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. कोंकणांतल्या माणसाला भात हें पथ्य म्हणून सांगावें याची मौज वाटेल. परंतु त्या भाताबरोबर सुकट नव्हती, लोणचें नव्हतें, पापड नव्हता, आणि भातांत मीठहि नव्हतें. अनेक रोग्यांचा दाब उतरला. एवढें कठोर पथ्य मात्र फार थोड्यांना जन्मभर पाळतां आलें.

याच सुमारास मुंबईंत निराळ्याच वाटेनें एक मोठी गोष्ट घडत होती. परळच्या के. ई. एम. इस्पितळांत काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील हे सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उपयोग रक्तदाबाच्या रोग्यांवर पद्धतशीर पडताळून पाहत होते. ही मुळी आयुर्वेदांत जुनी; इ. स. १९३१ सालीं कलकत्त्याच्या सेन व बोस या वैद्यद्वयानें तिच्या गुणांविषयीं लिहिलें होतें, आणि त्याच वर्षीं दिल्लींत सिद्दिकी आडनांवाच्या दोघां संशोधकांनीं तिच्यांतून क्षारसत्त्वें वेगळीं काढलीं होतीं. पण परदेशांत त्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तें वेधलें गेलें डॉ. वकील यांच्या इ. स. १९४९ सालच्या ब्रिटिश हृदयविज्ञान-पत्रिकेंतील निबंधानें. त्यानंतर तीन वर्षांनीं स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रेसर्पिन हें सत्त्व काढलें. डॉ. वकील यांना इ. स. १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासांत मुंबईचें नांव कोरलें गेलें तें असें.

येथें एका योगायोगाकडे लक्ष वेधणें उचित होईल. ज्या बाझेलमध्यें, ज्या कंपनींत इ. स. १९५२ सालीं रेसर्पिन निघालें, तेथेंच दुसऱ्या वर्षीं अल्डोस्टेरोनहि स्फटिकरूप पावलें, आणि दोन्ही शोधांची वार्ता एकाच स्विस शास्त्रीय मासिकांत छापली गेली. पहिल्यानें चढलेला दाब कसा उतरवावा हें सांगितलें, तर दाब मुळांत कां चढतो याचा एक धागा दुसऱ्यानें हातीं दिला. पुढें इ. स. १९६३ सालीं याच कंपनीचें संशोधनकेंद्र गोरेगांवीं निघालें आणि त्याचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. आतां त्या नांवाची ती औषध-कंपनी उरलेली नाहीं. विलीनीकरणांत ती नाहींशी झाली.

अल्डोस्टेरोनचा शोध खरोखर लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळांत सुरू झाला. सिल्व्हिया सिंप्सन ही जीवशास्त्रज्ञ बाई, आणि जेम्स टेट हा मूळचा पदार्थविज्ञानाचा मनुष्य. दोघांची गांठ कामानिमित्त पडली. पुढें तीं पतिपत्नी झालीं. त्या वेळीं अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोनसारखे पदार्थ मिळाले होते व त्यांचा मोठा गाजावाजा चालला होता. परंतु ते सर्व काढून घेतल्यावर मागें जो चोथ्यासारखा अर्क उरे, त्यांत मीठ राखण्याची विलक्षण शक्ति आहे, ही गोष्ट कोडें होऊन बसली होती. सिंप्सन व टेट यांनीं ती शक्ति मोजण्याची एक नामी युक्ति काढली. अधिवृक्क ग्रंथि काढलेल्या उंदरांना अर्क टोंचावयाचा, त्याबरोबर किरणोत्सर्गी सोडियम व किरणोत्सर्गी पोटॅशियम द्यावयाचें, आणि मूत्रांत दोहोंचें प्रमाण किती येतें तें यंत्रानें मोजावयाचें. सोडियम कमी व पोटॅशियम अधिक येत असेल, तर राखणदार अर्कांत हजर आहे. हें किरणोत्सर्गी सोडियम पंधरा तासांत निम्में होऊन जातें. म्हणून सारें काम घाईनें उरकावें लागे. इ. स. १९५२ सालीं पदार्थाचें अस्तित्व सिद्ध झालें. १९५३ मध्यें, बाझेलचे राइखस्टाइन व सीबाचे वेटस्टाइन आणि नेहर यांच्या सहाय्यानें, बैलांच्या शेंकडों किलो ग्रंथींतून कांहीं थोडे मिलिग्राम स्फटिक मिळाले. आरंभीं त्याला इलेक्ट्रोकॉर्टिन म्हणत. १९५४ मध्यें त्याची घटना उलगडली, तींत अल्डिहाइड नांवाचा गट आढळला, आणि त्यावरून आजचें नांव रूढ झालें.

अशा प्रयोगांना लागणारीं किरणोत्सर्गी द्रव्यें अणुभट्टींत तयार होतात. मानखुर्दच्या शेजारीं, तुर्भ्याच्या टेकडीपलीकडे खाडीच्या कांठीं, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली. पुढें याच केंद्रानें थायरॉइडचे स्राव व इन्सुलिन यांचें रक्तांतील अत्यल्प प्रमाण मोजण्याचे किरणोत्सर्गी संच देशांतील प्रयोगशाळांना पुरविले. ही मोजण्याची कला, जिच्याबद्दल रोझलिन यॅलो या विदुषीला इ. स. १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तीच अल्डोस्टेरोनच्याहि कामीं आली. पुढील गोष्ट मात्र या कलेच्या आधींची आहे.

ती गोष्ट जेरोम कॉन यांची. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एका वेगळ्याच प्रश्नांत गुंतले होते. थंड देशांतील शिपाई पॅसिफिकच्या दमट उकाड्यांत कसे टिकतील? त्यांना आढळलें, कीं उष्ण हवेंत काम करणाऱ्या माणसाच्या घामांतील मीठ दिवसेंदिवस कमी होत जातें. घाम तितकाच, कदाचित्‌ अधिकहि. पण त्यांतलें मीठ शरीर परत ओढून घेऊं लागतें. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत मिठागरावर फळी ओढणाऱ्या माणसाच्या अंगीं हें सामर्थ्य निसर्गतः येतें, म्हणूनच तो उन्हांत उभा राहूं शकतो. कॉन यांनीं तर्क केला, कीं हें काम अधिवृक्क ग्रंथीचेंच असावें. तर्क बरोबर होता. परंतु त्यांना तेव्हां त्या पदार्थाचें नांव ठाऊक नव्हतें, कारण तें अद्याप कोणालाच ठाऊक नव्हतें.

इ. स. १९५४ सालच्या वसंतांत त्यांच्याकडे एक चौतीस वर्षांची स्त्री आली. सात वर्षें तिला मधूनमधून पायांतलें बळ जाण्याचे झटके येत, हातांना पेटके येत. रक्तदाब १७६ वर १०४. रक्तांतलें पोटॅशियम धोकादायक रीतीनें उतरलेलें. कॉन यांनीं तिचा घाम तपासला, तों त्यांत मीठ जवळजवळ नाहींच! उकाड्यांत राबणाऱ्या शिपायाचा घाम एका थंड प्रांतांतील आजारी बाईच्या अंगीं कसा आला? नुकत्याच सांपडलेल्या मीठ-राखणदाराचा हा अतिरेक असला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. सात महिन्यांहून अधिक काळ तिच्या आहाराचा व मूत्राचा कण न्‌ कण मोजण्यांत आला. त्या ऑक्टोबरांत एका वैद्यकीय संस्थेच्या अध्यक्षीय भाषणांत कॉन यांनीं या नव्या रोगाचें वर्णन केलें, आणि तें शस्त्रक्रियेच्या आधीं! डिसेंबरांत डॉ. बॉम यांनीं पोट उघडलें. दोन्ही ग्रंथि काढून टाकण्याचा बेत होता. परंतु उजव्या ग्रंथीवर एक गांठ सांपडली; तेवढीच काढून डावी ग्रंथि तशीच ठेवण्यांत आली. स्त्री बरी झाली, तिचा रक्तदाबहि उतरला. वर्षानुवर्षांचा रक्तदाब चाकूनें बरा होऊं शकतो, हें येथें उघड झालें.

न्यायाची गोष्ट म्हणून सांगितलें पाहिजे, कीं मिखाल लितिन्स्की नांवाच्या पोलंडमधील डॉक्टरानें असेच दोन रोगी इ. स. १९५३ सालीं वर्णिले होते. निबंध पोलिश भाषेंत होता; जगानें तो वाचला नाहीं. रोगाला नांव कॉन यांचें मिळालें. लहान भाषेंत लिहिणाऱ्याच्या नशिबीं हें अनेकदां येतें.

कॉन यांनीं पुढें एक धाडसी विधान केलें. रक्तदाबाच्या रोग्यांपैकीं शेंकडा वीसपर्यंत लोकांच्या मुळाशीं हाच रोग असूं शकेल, असें ते १९६० नंतरच्या दशकांत म्हणूं लागले. व्यवसायबंधूंना हें पटलें नाहीं. रक्तांतलें पोटॅशियम उतरलेलें असेल तरच या रोगाचा संशय घ्यावा, असा दंडक पडला. आणि तसे रोगी तर शंभरांत एखादाच. त्यामुळें रोग दुर्मिळ ठरला, दुर्मिळ ठरला म्हणून कोणी शोधला नाहीं, आणि शोधला नाहीं म्हणून तो दुर्मिळच राहिला. या चक्रांत किती माणसें अर्धांगवायूनें पडलीं, किती हृदयें थकलीं, त्याची मोजदाद कोणीहि ठेवलेली नाहीं.

चक्र तुटलें तें एका साध्या विचारानें. अल्डोस्टेरोन आपण होऊन काम करीत नाहीं. त्याला हुकूम लागतो. रक्त कमी पडलें कीं मूत्रपिंड रेनिन नांवाचा पदार्थ सोडतें. हा पदार्थ स्टॉकहोमच्या टिगरस्टेट व बर्गमन यांनीं इ. स. १८९८ सालींच सशांच्या मूत्रपिंडांत पाहिला होता. रेनिनपासून अँजिओटेन्सिन तयार होतें, आणि तें अधिवृक्क ग्रंथीला मीठ राखण्याची आज्ञा देतें; हा शेवटचा दुवा १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कचे लारा आदि संशोधकांनीं जोडला. मग ज्याच्या रक्तांत रेनिन जवळजवळ निजलेलें, आणि तरीहि अल्डोस्टेरोन भरपूर, त्याच्या घरीं मालकाचा हुकूम नसतांना राखणदारानें उघाडी बंद करून ठेवली आहे, हें उघड झालें. या दोहोंचें गुणोत्तर काढण्याची रीत १९८१ मध्यें जपानी संशोधकांनीं वापरली. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें गॉर्डन यांनीं १९९० नंतर पोटॅशियम चांगलें असलेल्या रोग्यांतहि ती लावून पाहिली. आकडा शेंकडा पांच ते बारा निघाला. तीन-तीन औषधांनींहि ज्यांचा दाब हटत नाहीं, अशांमध्यें तर तो वीसाच्या घरांत जातो. कॉन इ. स. १९९४ सालीं वारले. त्यांचा अंदाज सपशेल चुकीचा नव्हता, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

हृदयाची कथा आणखी उशिरा उमगली. अल्डोस्टेरोनला अडविणारी स्पिरोनोलॅक्टोन ही गोळी १९५९ सालापासून बाजारांत होती. पण ती मूत्र वाढविणारी एक सौम्य गोळी म्हणून. १९९० च्या सुमारास वेबर व ब्रिला यांनीं उंदरांत पाहिलें, कीं अल्डोस्टेरोन व भरपूर मीठ हीं दोन्ही एकत्र दिलीं असतां हृदयाच्या स्नायूंत चट्ट्यासारखे तंतु माजतात. हृदय ताठर होतें, सैल पडून भरणें त्याला जमत नाहीं. हें नुकसान केवळ दाबामुळें नव्हतें, कारण दाब न सोसणाऱ्या उजव्या बाजूलाहि तें दिसलें. मग इ. स. १९९९ सालीं बर्ट्रम पिट व त्यांचे सहकारी यांची मोठी चांचणी प्रसिद्ध झाली. तीव्र हृदयदौर्बल्याचे १,६६३ रोगी. त्यांपैकीं निम्म्यांना नेहमींच्या औषधांवर अल्पशी स्पिरोनोलॅक्टोन. तिनें मृत्यु शेंकडा तीसनें घटले, आणि चांचणी मुदतीआधींच थांबवावी लागली, कारण उरलेल्यांना औषधावांचून ठेवणें न्याय्य उरलें नव्हतें. चाळीस वर्षें कपाटांत पडून असलेल्या गोळीनें हें काम केलें. मात्र लगेच कॅनडांतून इशाराहि आला: वृद्ध व मूत्रपिंडानें दुबळ्या रोग्यांना ती बेफिकिरीनें देऊं लागल्यावर रक्तांतील पोटॅशियम वाढून इस्पितळांत येणाऱ्यांची संख्या वाढली. राखणदाराला सारखें झोडपलें तर उघाडीच उलटी फिरते.

मग हा राखणदार मुळांतच खलपुरुष आहे काय? अॅमेझॉनच्या अरण्यांतील यानोमामी लोकांनीं याचें उत्तर दिलें आहे. इ. स. १९७५ सालच्या एका अभ्यासांत असें दिसलें, कीं हे लोक आहारांत मीठ घालीतच नाहींत; त्यांच्या शरीरांत अल्डोस्टेरोन अतिशय असतें, आणि तरीहि त्यांचा रक्तदाब कमी, तो वयाबरोबर चढतहि नाहीं. मिठाच्या दुष्काळांत राखणदार प्राण वांचवितो. मिठाच्या सुकाळांतहि जो राखण सोडीत नाहीं, तो घात करतो. भारतांत मनुष्य दिवसाला सरासरी आठ ते अकरा ग्राम मीठ खातो, असें निरनिराळ्या पाहण्यांतून दिसतें. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पांच ग्रामांची आहे. १९३० सालच्या लढ्याशीं याचा विरोध मानण्याचें कारण नाहीं. तेव्हां प्रश्न मीठ मिळण्याचा होता, तें किती खावें याचा नव्हता.

मानखुर्दच्या खाजणावर आतां दाट वस्ती उभी आहे. इ. स. १९९२ सालीं येथून खाडी ओलांडून वाशीपर्यंत आगगाडी गेली. या वस्तींतहि रक्तदाब आहे, आणि येथें तो मोजला गेला तरी बहुधा एका-दोन गोळ्यांवर भागतें; तो कां चढला, हें विचारण्यास वेळ नसतो व पैसाहि नसतो. युरोपच्या हृदयविज्ञान संस्थेनें २०२४ मध्यें, आणि अमेरिकेंतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ-संस्थेनें २०२५ मध्यें, रक्तदाबाच्या रोग्याचें रेनिन व अल्डोस्टेरोन तपासण्याकडे सर्वसाधारणपणें वळावें असा कौल दिला. गोळी स्वस्त आहे. तपासणी तितकी स्वस्त नाहीं. शिवाय गांठ उजव्या ग्रंथींत आहे कीं डाव्या, कीं दोष दोहोंकडे आहे, हें ठरविण्यासाठीं दोन्ही ग्रंथींच्या शिरांत नळी घालून रक्त काढावें लागतें, आणि उजवीकडची शीर इतकी आंखूड असते कीं अनुभवी हातालाहि ती सहज सांपडत नाहीं.